आवाजाची वही : प्रतापनगरच्या आमच्या गॅरेजची वाटचाल

मारुती ८०० रस्त्यावर येऊन तीन-चार वर्षे झाली होती, तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, वडोदऱ्याच्या प्रतापनगर येथील रेल्वे वर्कशॉपमधली फिटरची नोकरी सोडली आणि त्याच भागात दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी शेड भाड्याने घेतली. दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांना हा निर्णय मुळीच पटला नव्हता. अण्णांजवळ भांडवल म्हणून पान्यांचा एक संच, एक जॅक आणि रेल्वेत तयार झालेला कान एवढेच होते. डब्याच्या चाकावर हातोडी मारायची आणि उमटणाऱ्या नादावरून चाक धड आहे की तडकलेले आहे हे ओळखायचे, ही रेल्वेतली जुनी पद्धत. नाद खणखणीत आणि लांबणारा असला तर चाक ठीक; बसका आला तर शंका घ्यायची. हीच हातोडी पुढे आमच्या शेडमध्ये आली.

सुरुवातीची वर्षे ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि ग्रीसिंग यांवर गेली. आमच्या धंद्याला वळण दिले ते बाबाजीपुऱ्यातल्या एका निवृत्त मास्तरांच्या जुन्या अॅम्बेसेडरने. त्यांची तक्रार अशी होती : "अण्णा, गाडी मागे घेऊन थांबलो की खालून कुणीतरी लाथ मारावी तसा खट् आवाज येतो." गाडी चालवून पाहिली, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडतानाही तो आवाज आला. अशा वेळी कोणत्याही मेकॅनिकची नजर प्रथम प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ओढ मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याच्या, क्रॉसवर (टोकाच्या फिरत्या सांध्यावर) जाते, कारण क्रॉसमध्ये ढिलाई आली की ओढ बदलताना शाफ्ट आधी ती ढिलाई खातो आणि मग दणका देतो. एक क्रॉस खरोखरच झिजलेला होता. आम्ही दोन्ही बदलले आणि गाडी दिली. आठ दिवसांनी मास्तर परत आले. मग शॉकअपची (धक्के शोषणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरची) रबरे बदलली. मास्तर पुन्हा परत आले, आणि एक शब्दही रागाचा न बोलता बाकावर बसून राहिले. ते पाहून अण्णांना फार वाईट वाटले.

त्या दिवशी अण्णांनी इंजिन बंद करायला लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि आम्हा दोघा भावांना ती हातांनी मागे ढकलायला सांगितली. गाडी सरकू लागताच त्यांनी हँडब्रेक ओढला. खट्. पुढे ढकलली, पुन्हा ओढला. पुन्हा खट्. इंजिन बंद, गिअर सुटलेला, म्हणजे शाफ्टवर ओढ नाहीच; हँडब्रेक पकडतो फक्त मागच्या चाकांना; मग हलत असेल तर मागच्या चाकांमधला आडवा दांडा, म्हणजे अॅक्सलच, हलत असला पाहिजे. एवढा विचार आम्ही पहिल्या दिवशी केला असता, तर मास्तरांच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

गाडीखालच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, उतरून अण्णांनी कमानी (पाट्यांची स्प्रिंग) अॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर हातोडी टेकवली. डाव्या बाजूचे दोन बसके बोलले. बॅटरीच्या उजेडात कमानी आणि अॅक्सलची बैठक यांच्या फटीत तांबूस, पिठासारखी भुकटी दिसली आणि तिच्यामध्ये लोखंडाची एक चकचकीत रेघ. धूळ आणि तेल माखलेल्या जुन्या गाडीखाली लोखंड चकाकते, ते तिथे काहीतरी रोज घासत असते म्हणूनच. कमानी सोडवली तेव्हा तिचे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे दोन तुकडे हातात आले. त्याचे डोके बैठकीच्या भोकात तसेच बसून राहिल्यामुळे बाहेरून तो शाबूत वाटत होता. त्याआधी कधीतरी कमानीचे काम झाले होते, पण पाटे बसल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले गेले नव्हते. अॅक्सलला खरी पकड यू-बोल्टची असते. ती ढिली पडली की सगळा कातरा, म्हणजे आडवा कापणारा जोर, एकट्या सेंटर बोल्टवर येतो. क्रॉस झिजलेलाच होता, म्हणून त्याचे पैसे अण्णांनी ठेवले. शॉकअपच्या रबरांचे मात्र मजुरीसह परत केले.

त्याच आठवड्यात आम्ही आवाजाची वही सुरू केली. आवाज केव्हा येतो, किती वेगाला, सरळ रस्त्यावर की वळणावर, ब्रेक दाबताना की सोडताना, मागे माणसे बसली असताना की रिकाम्या गाडीत, हे ग्राहकाच्याच शब्दांत लिहून घेतल्याशिवाय पाना उचलायचा नाही, असा नियम झाला. ग्राहक 'टकटक', 'खडखड', 'धबधब' यांपैकी कोणता शब्द आपण होऊन वापरतो, याला आम्ही फार महत्त्व देतो. अलीकडे मोबाइलवर रेकॉर्डिंग येते. ते आम्ही ऐकतो, परंतु खालच्या पट्टीतला दणका त्यात नीट उतरत नाही, म्हणून गाडीत बसण्याला पर्याय नाही.

पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या वाढल्या तशी वही बदलत गेली. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टण् करून उडी मारत असेल, तर स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या जोडीचे) वरचे माउंटिंग. पूर्ण वळणावर वेग देताना कटकट होत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉईंट. लहान खड्ड्यांत एका बाजूने खडखडत असेल, तर लिंक रॉड (गाडीचा कल आवरणाऱ्या बारला जोडणारी छोटी दांडी). ब्रेक लावताना एकच ठोका येत असेल, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर. आर्मच्या बुशबाबत आम्ही स्वतः चूक केली आहे. जॅकवर चाके लोंबत असतानाच आम्ही त्यांचे बोल्ट पूर्ण आवळत असू. गाडी खाली उतरली की रबर कायमचे पिळलेले राही आणि काही महिन्यांत फाटे. आता गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळा दिला जातो.

वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. ३१ जुलै २०१९ च्या पावसानंतर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे इंजिन, वायरिंग आणि सीट यांकडे सगळ्यांचे लक्ष गेले. बॉल जॉईंटच्या (चाकाला वळू देणाऱ्या गोळीच्या सांध्याच्या) रबरी टोपीला बारीक चीर असेल तर आत शिरलेले गढूळ पाणी मात्र तिथेच राहते, ग्रीस खराब करते, आणि दिवाळीच्या सुमारास गाडी ठोके देऊ लागते. म्हणून पुरात सापडलेल्या गाडीचे पहिले काम करतानाच आम्ही ग्राहकाला दोन-तीन महिन्यांनंतरची तारीख देतो आणि त्या दिवशी फोन करून गाडी मागवून घेतो.

आज शेडमध्ये दोन पिट आहेत आणि धाकट्या भावाची मुलगी डिप्लोमा करून कामावर येते. चाचणीच्या वेळी मागच्या सीटवर तीच बसते, कारण पन्नाशी उलटलेल्या आमच्या कानांना आता सगळ्या पट्ट्या पूर्वीसारख्या ऐकू येत नाहीत. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, आणि कारण सापडले नाही तर घेत नाही. मास्तरांच्या गाडीतला सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत अण्णांच्या जुन्या डब्यात अजून आहे. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी आम्ही तो बोल्ट त्याच्या हातात देतो आणि कुठे तुटला असेल ते विचारतो.