‘अन्यत्र’ म्हणजे नेमके कुठे?

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी चोरीच्या एका खटल्यात मी आरोपीतर्फे काम पाहत होतो. घटना रात्री अकराच्या सुमाराची होती आणि त्या वेळी माझा अशील कारखान्यात रात्रपाळीवर होता, असा आमचा बचाव असल्याने अंतिम युक्तिवादात मी ‘अ‍ॅलिबाय’ हा शब्द मोठ्या उत्साहाने तीन-चारदा उच्चारला. न्यायाधीशांनी मला थांबवून विचारले, “वकीलसाहेब, आरोपी घटनास्थळी नव्हता एवढेच आपले म्हणणे आहे, की तो दुसरीकडे होता असे आहे?” तोवर मी या दोन्ही गोष्टी एकच समजत होतो.

लॅटिनमध्ये हा शब्द मुळात नाम नव्हे, ‘दुसऱ्या ठिकाणी’ अशा अर्थाचे क्रियाविशेषण आहे. आपला ‘अन्यत्र’ त्याला अगदी चपखल बसतो. इंग्रजी बोलण्यात तो ‘सबब’ या अर्थाने इतका सैल वापरला जातो की त्यातले ठिकाणच हरवते, आणि माझ्या युक्तिवादातूनही नेमके तेच हरवले होते. ‘मी तिथे नव्हतो’ हा निव्वळ इन्कार असतो आणि त्यासाठी आरोपीला काही सिद्ध करावे लागत नाही. ‘मी अमुक ठिकाणी होतो’ असे म्हटले की ते शाबीत करण्याचा भार त्याच्यावर येतो. तेव्हा लागू असलेल्या भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १०३ खालील उदाहरण हेच सांगत असे. कलम ११ च्या उदाहरणात तर गुन्हा कलकत्त्यातला आणि आरोपी लाहोरात. एवढे अंतर मिळाले तर कोणत्या वकिलाला नको असेल! आमचा कारखाना घटनास्थळापासून जेमतेम दोन किलोमीटरवर होता, हजेरीपटावर फक्त कामावर आल्याची वेळ होती, आणि मधल्या काळात तो फाटकाबाहेर पडला नाही हे सांगणारा एकही साक्षीदार मी तपासला नव्हता.

निकालपत्रात आमचा हा बचाव चार ओळींत फेटाळला गेला. मात्र बचाव पडला म्हणून गुन्हा शाबीत करण्याची सरकार पक्षाची जबाबदारी हलकी होत नाही, असे नमूद करून न्यायाधीशांनी अंधारात चेहरा ओळखल्याचे सांगणाऱ्या एकमेव साक्षीदारावर विश्वास ठेवण्यास नकार दिला आणि संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडले.

बाहेर आल्यावर अशील हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमच्या त्या इंग्रजी शब्दानेच मला वाचवलं.” तो शब्द लॅटिन आहे, एवढेच मी त्याला सांगितले.