इंग्रजी ग्रामर प्रोजेक्ट: ‘दॅट’चा गुंता सुटला, ‘अ‍ॅज’ अजून छळतोय

इंग्रजी वाक्याची रचना कॉम्प्युटरला ओळखता यावी म्हणून मी ग्रामर लिहितोय. मागच्या अपडेटमध्ये साधी वाक्यं, पॅसिव्ह आणि प्रश्न इथपर्यंत आलो होतो, आता सबऑर्डिनेट क्लॉज, म्हणजे पोटवाक्यं, हातात घेतलेत. सेटअप तोच, पायथॉन, एनएलटीके ही त्याची भाषेवर काम करायची लायब्ररी, तिचं फीचर ग्रामर (शब्दांना गुणधर्म जोडून लिहिलेले नियम) आणि चार्ट पार्सर, म्हणजे नियम लावून वाक्याची रचना झाडासारखी, ट्री म्हणून, मांडणारा प्रोग्रॅम. सगळे नियम हातानं लिहिलेले. ‘आता हे कोण करतं, चॅटबॉटला विचार की’ म्हणणारे आमच्या सोलापुरात पण आहेत, म्हणू दे. वाक्य चुकलंय तर कुठल्या नियमाला अडलं ते बोट ठेवून दाखवता येतं ना, सगळी मजा तिथंच आहे.

टेस्टची वाक्यं भाचीच्या दहावीच्या ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’च्या वहीतून उचलली. ऑल्दो वापरून लिहा, अनलेस वापरा, कॉम्प्लेक्सचं सिंपल करा, असला माल तयारच मिळतो. शब्द मात्र आपले घातले, वीव्हर, लूम, टॉवेल, मिल. शाळेत नाऊन क्लॉज, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, अ‍ॅडव्हर्ब क्लॉज असे तीन खण करून देतात, पोरांना ठीक आहे ते, पण पार्सरला त्याचा फारसा उपयोग नाही असं माझं मत झालंय. त्यातून क्लॉज वाक्यात काय काम करतो एवढंच कळतं. पार्सरला आधी दुसरंच हवं असतं, क्लॉज आतून पूर्ण आहे का त्यात एक जागा रिकामी आहे.

हे बघा: ‘द न्यूज दॅट द मिल क्लोज्ड’. सोलापूरकराला याचा अर्थ समजावून सांगायची गरजच नाही, मिल बंद पडली ती बातमी. पार्सरनं मात्र दोन ट्री दिले. एकात ‘द मिल क्लोज्ड’ हा पूर्ण क्लॉज, बातमीत काय होतं ते सांगणारा. दुसऱ्यात ‘क्लोज्ड’ला कर्म पाहिजे आणि ते जागेवर नाही, म्हणजे मिलनं बातमीच बंद केली! हसू आलं पण ग्रामरच्या हिशोबानं दोन्ही बरोबर आहेत, कारण ‘क्लोज’ला कर्म असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं. ‘द शॉप दॅट द ओनर क्लोज्ड’ टाकलं तर एकच ट्री येतो, कारण ‘न्यूज’, ‘फॅक्ट’, ‘आयडिया’ असल्या नावांनाच मजकूर सांगणारा क्लॉज लागतो, ‘शॉप’ला नाही. हे नावाच्या एंट्रीतच फीचर म्हणून लिहिलं. दुसरा ट्री मी काढलेला नाही, बातमी बंद करता येत नाही हे अर्थाचं काम आहे, वाक्यरचनेनं त्यात नाक खुपसू नये.

रिकाम्या जागेचा हिशोब स्लॅशनं ठेवतो. एस म्हणजे वाक्य, एनपी म्हणजे नावाचा गट, व्हीपी म्हणजे क्रियापदाचा गट; एस स्लॅश एनपी म्हणजे ज्यात एक एनपी कमी आहे असं वाक्य. व्हर्बच्या पुढं कर्म नाही मिळालं की तिथं उधारीची चिठ्ठी फाटते, ती व्हीपीकडं जाते, तिथून एसकडं, आणि वर नाव भेटलं की फिटते. चिठ्ठी वर न्यायला वेगळा कोड लागत नाही, नियमात एक व्हेरिएबल ठेवला की युनिफिकेशन (फीचर एकमेकांशी जुळवणं) आपोआप नेतं. ही युक्ती भाषाशास्त्रज्ञ गॅझ्डरची, 1981ची, पुढं 1985 मध्ये गॅझ्डर, क्लाइन, पुलम आणि सॅग या चौघांनी जीपीएसजी (जनरलाइज्ड फ्रेज स्ट्रक्चर ग्रामर) म्हणून अख्खी थिअरी मांडली. त्यातलाच युअन क्लाइन नंतर एनएलटीकेच्या मंडळींत आहे, म्हणून या टूलमध्ये स्लॅश इतका घरच्यासारखा वावरतो.

आता खरा गुंता. ‘द वीव्हर हू आय थिंक केम’ चालतं, ‘द वीव्हर हू आय थिंक दॅट केम’ चालत नाही. कर्म गायब असेल तर मात्र दॅट ठेवा नाहीतर काढा, ‘द टॉवेल विच आय थिंक दॅट ही सोल्ड’ बिनधास्त जातं. म्हणजे दॅटच्या लगेच पुढची कर्त्याची जागा रिकामी चालत नाही. यावर जीपीएसजीचाच उपाय वापरला आणि तो लई आवडला: कर्त्याच्या जागी रिकामा एनपी बसवायचाच नाही, ‘थिंक’सारख्या व्हर्बला थेट टेन्सवाला व्हीपी घेऊ द्यायचा आणि चिठ्ठी तिथंच फाडायची. दॅट फक्त पूर्ण एसच्या आधी येतो, त्यामुळं चुकीचं वाक्य वेगळा मनाई नियम न लिहिता आपोआप बाहेर पडतं.

पण मग ‘द वीव्हर दॅट केम’? इथं तर दॅटच्या पुढंच कर्ता नाही आणि वाक्य शंभर टक्के बरोबर. म्हणून डिक्शनरीत दॅटच्या दोन एंट्र्या केल्या, एक थिंकच्या मागून येणारा आणि एक रिलेटिव्हवाला, म्हणजे नावाचं वर्णन करणारा क्लॉज जोडणारा. रिलेटिव्हवाला दॅट हा खरं सर्वनाम का नुसता जोडणारा यावर भाषावाल्यांची भांडणं आहेत, मी त्यात पडलो नाही. एवढंच पाळलं की त्याच्या आधी प्रीपोझिशन येत नाही: ‘द लूम ऑन विच ही वर्क्स’ पास, ‘ऑन दॅट’ नापास.

हे चाललेलं असताना भाची येऊन म्हणती, ‘मामा, दॅट कुठं गाळला तर चालतो ते सांगतं का रे तुझं मशीन?’ सांगतं की. ‘द टॉवेल ही सोल्ड’ला ट्री आला, ‘द वीव्हर केम लेफ्ट’ला नाही. रिलेटिव्हवाला दॅट कर्म गायब असेल तर गाळ, कर्ता गायब असेल तर ठेव. तिनं वहीत लिहून घेतलं आणि वर विचारलं मग सर असं सरळ का सांगत नाहीत. यावर मी काय बोलणार!

मराठीत जो-तोमुळं हे झेंगट बरंच कमी आहे, ‘जो माणूस आला तो गेला’ यात दोन्ही बाजूला एनपी जागेवर बसलेले. ‘मी आणलेली चादर’मध्ये मात्र रिकामी जागा आहेच, ते कधीतरी वेगळं लिहीन.

एम्बेडेड प्रश्न, म्हणजे वाक्याच्या आत बसलेले, पटकन झाले. ‘आय नो व्हेअर ही लिव्हज’, आतल्या एसवर इन्व्हर्जन (कर्ता आणि क्रियापदाची उलटापालट) मायनस, विषय संपला. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ ही आपली सगळ्यांची लाडकी चूक बरोबर पकडली जाते. ‘ऑल्दो... बट’ पण पकडलं, जरी-तरीच्या सवयीनं आपण दोन्ही घालतो, ग्रामर एकच घेतं.

अ‍ॅडव्हर्ब क्लॉजच्या नियमांवर स्लॅश ठेवलाच नाही, म्हणून ‘व्हिच टॉवेल डिड ही स्लीप बिफोर ही सोल्ड’ बाद होतं. अशा बंद जागांना आयलंड म्हणतात, भाषाशास्त्रज्ञ रॉसनं 1967च्या एमआयटीच्या थिसिसमध्ये दिलेलं नाव. पण ‘व्हिच टॉवेल्स डिड ही सेल बिफोर काउंटिंग’ हे इंग्रजीत चालतं, आत एक आणि बाहेर एक अशा दोन रिकाम्या जागा आणि नाव एकच, त्याला माझं ग्रामर सध्या नाही म्हणतं. अशा दुसऱ्या जागेच्या आधारानं चालणाऱ्या रिकाम्या जागेला पॅरासिटिक गॅप म्हणतात, ते काम पुढच्या खेपेला.

‘इफ’च्या आत ‘विल’ बंद करायचा मोह झाला होता, वहीत तसा नियमच आहे. पण ‘इफ यू विल वेट हिअर’ असं विनंती करताना सर्रास म्हणतात, त्यामुळं बंदी घातली नाही, फक्त असा ट्री यादीत खाली ढकलला.

रिड्यूस्ड रिलेटिव्हची, म्हणजे ‘विच वर’सारखे शब्द गाळलेल्या क्लॉजची, मजा वेगळीच. ‘टॉवेल्स वोव्हन इन सोलापूर’ सरळ गेलं म्हणून मानसशास्त्रज्ञ बीव्हरचं 1970चं नावाजलेलं ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’ (कोठाराजवळून पळवलेला घोडा पडला) टाकून बघितलं. माणूस ‘रेस्ड’लाच मुख्य क्रियापद धरतो आणि फेलपाशी येऊन आपटतो, चार्ट पार्सरला पत्ताच नाही की इथं काही अवघड होतं, कारण तो दोन्ही शक्यता पहिल्यापासून टेबलात धरून चालतो.

राहिला ‘अ‍ॅज’. कारण पण तोच, वेळ पण तोच, ‘जसं’ पण तोच, आणि ‘अ‍ॅज टॉल अ‍ॅज’मध्ये आणखी वेगळा, त्यामुळं एका छोट्या वाक्याला ट्रींची रांग लागते. कारण आणि वेळ यांची रचना एकच आहे म्हणून ते दोन्ही एका एंट्रीत घालून अर्थ मोकळा सोडायचा विचार चाललाय, ‘सिन्स’ला पण तेच करता येईल का बघतोय. कुणी हे फीचर ग्रामरमध्ये केलं असेल तर एंट्री कशी लिहिली ते सांगा, आणि अ‍ॅजची तिरकी वाक्यं असतील तर पाठवा, टेस्टमध्ये घालतो.