आधी ऊब

आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा दिवाळीच्या लाडवांसाठी म्हणून घेतलेला आहे. एका ग्रॅमचाही हिशेब ठेवणारा हा काटा वर्षातले अकरा महिने कपाटात पडून असतो आणि त्यावरून यजमान मला अधूनमधून टोमणेही मारतात. गेल्या आषाढातल्या एका सकाळी मात्र त्याच्यावर पोळ्यांचा डबा ठेवून, डब्यात जुन्या सुती साडीची घडी घालून आम्ही एकापाठोपाठ एक तीन जीव तोलले. पहिला ११८ ग्रॅम, दुसरा १०९, तिसरा ८४. तिसऱ्याच्या वेळी यजमान हळूच म्हणाले, "अगं, हे तर एका कांद्याएवढंही नाही." नाशिक जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाला वजनाचा अंदाज कांद्यावरूनच येतो, त्याला इलाज नाही.

आम्ही पंचवटीत राहतो. इमारतीच्या तळमजल्यावर मीटरची खोली आहे आणि तिथे गेल्या दिवाळीच्या पणत्या ठेवलेला द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका कोणाच्याच लक्षात नसल्यामुळे तसाच पडलेला होता. त्या खोक्यात मांजराची ही पिल्ले होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाशी नाळेचा वाळलेला तुकडा अजून लोंबत असलेला. म्हणजे वय फार तर चार दिवसांचे. एरवी अशा पिल्लांना हात लावू नये हे मला ठाऊक होते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, ती सातही घरे कोणी मोजलेली नसतील, पण जागा बदलताना ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते आणि त्या खेपांच्या मधल्या वेळात उरलेली पिल्ले बेवारस दिसतात हे खरे आहे. कळवळ्याने ती उचलून आणणारा माणूस पुष्कळदा आईच्या तोंडची पिल्लेच पळवत असतो. म्हणून लांब उभे राहून काही तास वाट पाहावी, हा नियम. आमच्यावर मात्र वाट पाहण्याची वेळच आली नाही, कारण यांची आई, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली, आमच्या गल्लीतली जुनी रहिवासी, पहाटे रस्त्यावर गाडीखाली सापडली होती आणि वॉचमनने तिला उचलताना पाहिलेही होते.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला अजून जड जाते. मराठी घरात बाळ रडले की पहिली आठवण दुधाची होते. मीही तेच केले. गॅसवर दूध कोमट केले, औषधाचा ड्रॉपर धुतला आणि सगळ्यात लहान, सगळ्यात अशक्त म्हणून ८४ ग्रॅमवाल्याला पहिला मान दिला. त्याने चोखले नाही. दूध त्याच्या ओठांच्या कडेने ओघळले, मी ते पुसले आणि आणखी दोन थेंब सोडले. त्याच्या तोंडात माझ्या करंगळीचे टोक गेले तेव्हा ते आतून गार लागले, फ्रिजमधून काढलेल्या भेंडीसारखे, पण त्या गारव्याचा अर्थ मला कळला नाही. अर्ध्या तासाने गुरांच्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य म्हटले, "बाई, दूध ठेवा बाजूला, आधी ऊब द्या."

एवढ्या लहान पिल्लाला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. त्याला थरथरताही येत नाही. आईचे पोट आणि भावंडांचे अंग हीच त्याची शेगडी असते. ती विझली की अंग गार पडते, आणि अंग गार पडले की आतडी काम थांबवतात. मग पोटात गेलेले दूध पचत नाही, तिथेच साचते, किंवा उलटून श्वासनलिकेत जाते. पहिल्या आठवड्यात त्यांच्या आजूबाजूला ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि आषाढातल्या नाशिकच्या रात्री ते आपण होऊन मिळण्याची सोय नसते. उपाशी पिल्लू काही तास तग धरते, पण गार पडलेल्या पिल्लाला पाजलेले दूध हेच त्याचे विष होते. ज्याला आपण माया म्हणतो तिचाही एक क्रम असतो आणि तो मी चुकवला होता. ते पिल्लू दुसऱ्या रात्री गेले. माझ्या चार थेंबांमुळे गेले की ते मुळातच राहणारे नव्हते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी पुन्हा विचारले नाही.

तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "सटवाई यायच्या आतच गेलं गं." सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते, ती म्हणजेच षष्ठी, आणि षष्ठीचे वाहन मांजर. मला आपले वाटले, स्वतःच्या वाहनाच्या घरी तरी तिने एखादा दिवस लवकर यायला हरकत नव्हती.

उरलेल्या दोघांसाठी मग ऊब हेच मुख्य काम झाले. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लू सरपटत दुसऱ्या अर्ध्या भागात जाऊ शकते. आधी आम्ही बल्ब लावला होता, पण पावसात वीज दिवसातून तीनदा जाते आणि ती नेमकी रात्रीच का जाते याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. पिशवी बरी. दर दोन-अडीच तासांनी पाणी बदलायचे आणि त्याच वेळी पाजायचे. मोबाइलवर रात्रीचे गजर लावले, बारा, अडीच, पाच. तीन रात्रींनंतर यजमान गजर होण्याआधीच उठून पाणी तापवायला लागले. आमच्या मुलाच्या वेळी या माणसाला ढोल वाजवूनही जाग येत नसे, हे मी त्यांना तेव्हा बोलून दाखवले नाही, इथे लिहून टाकते.

दुधाबद्दलही बरेच समज मोडावे लागले. आजी रोज सकाळी वाटीभर गायीचे दूध घेऊन येत आणि म्हणत, "अगं, साक्षात गायीचं आहे, पिशवीतलं नाही." त्यांना नाही म्हणणे कठीण होते. पण मांजरीच्या दुधात प्रथिने गायीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात आणि स्निग्धांशही जास्त असतो. उलट गायीच्या दुधातली दुग्धशर्करा पिल्लांना झेपत नाही, त्यांना जुलाब होतात आणि शंभर ग्रॅमच्या शरीरातले पाणी जुलाबाने जायला कितीसा वेळ लागणार? मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींमध्ये इतकी पक्की बसली आहे की मोठ्या मांजरांपैकीही बहुतेकांना ते नीट पचत नाही हे कोणाला पटत नाही. शेवटी मी आजींना सांगितले, "आजी, दुकानातून त्यांच्यासाठीची भुकटी आणली आहे, डॉक्टरांनी तीच सांगितली आहे." डॉक्टरांचे नाव निघताच त्या गप्प झाल्या, वाटी मात्र येत राहिली आणि आमचा चहा महिनाभर उत्तम झाला.

पाजणे ही गोष्ट लांबून दिसते तितकी गोड नाही. पिल्लाला माणसाच्या बाळासारखे मांडीवर उताणे घ्यायचे नसते. उताण्या पिल्लाच्या फुप्फुसात दूध जाते. त्याला पोटावरच ठेवायचे, डोके किंचित वर, जसे ते आईच्या पोटाशी असते. सुई काढलेल्या सिरिंजच्या टोकाला रबरी बोंडूक लावायचे, भुकटीचे दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून कोमट आहे ना ते पाहायचे, आणि दट्ट्या आपण दाबायचा नाही, पिल्लाच्या ओढीबरोबर तो खाली जाऊ द्यायचा. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार-पाच मिलीलीटरच मावतात. सुरुवातीला ते बोंडूक शोधत डोके इतके जोरात हलवते की नाक, गाल, कान सगळे दुधाने माखते. मग अचानक ते सापडते, कान मागेपुढे हलायला लागतात, जिभेची कड पन्हळीसारखी वळून बोंडकाला बिलगते आणि पुढचे दोन्ही पाय हवेत आळीपाळीने दाबले जाऊ लागतात. ते पाय आईचे पोट मळत असतात. तिथे माझ्या बोटाखेरीज काही नसायचे, म्हणून मी बोट पुढे करत असे, आणि तांदळाच्या कणीएवढी नखे त्यात रुतत.

पाजून झाले की खरे काम सुरू होते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना आपण होऊन शू-शी करता येत नाही. आई जिभेने पोटाखाली चाटते तेव्हाच ती होते, आणि आई ती चाटूनच साफही करते, म्हणजे शत्रूला वास लागत नाही. आम्ही कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून, पिळून, हलक्या हाताने तिथे फिरवत होतो. एकदा, दोनदा, आठ-दहा वेळा, आणि मग बोळा फिकट पिवळा होई. तो पिवळा रंग पाहून दोन सुशिक्षित, वयस्क माणसांना रात्री अडीच वाजता किती हर्ष होतो, हे अनुभवल्याशिवाय समजणार नाही. त्या दिवसांत मला मांजरीच्या जिभेचा हेवा वाटू लागला. तीच तिचा टॉवेल, तीच कंगवा, तीच दाई, तीच पिल्लाला जागे करणारा गजर. आमच्या ओट्यावर त्या एका जिभेच्या ऐवजी सिरिंज, कापूस, रबरी पिशवी, काटा, गजर, वही आणि पेन एवढा संसार मांडलेला असे.

वहीत तीन रकाने होते. रोज सकाळी त्याच वेळी वजन करायचे. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढले तर ठीक, वाढले नाही तर काळजी, घटले तर लगेच डॉक्टर. श्रावणात गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि गोदावरीला पूर आला. अशा दिवशी नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पूर मोजतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले ही आमची जुनी मोजपट्टी. यजमान छत्री घेऊन दर्शनाला जावे तसे पूर पाहून आले आणि दारातूनच ओरडले, "कमरेच्या वर गेलंय!" मी आतून ओरडले, "दोनशे चौदा!" समोरच्या दारातल्या बाईंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. बहुधा त्यांना तो क्युसेकचा आकडा वाटला असावा.

वैष्णव आचार्यांनी शरणागतीसाठी मांजराच्या पिल्लाचा दाखला दिला आहे. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तर मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते; म्हणून भक्ताने सगळे देवावर सोपवावे, हा मार्जारकिशोर न्याय. दाखला अर्धा अगदी बिनचूक आहे. मानेची सैल कातडी धरली की पिल्लू खरोखरच पाय पोटाशी घेऊन निपचित लोंबकळते, आणि मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत हेही आपण म्हणतोच. पण ज्या कोणी हा न्याय मांडला त्यांनी त्या पिल्लाला रात्री पाच मिनिटे उशिरा पाजून पाहिलेले नसावे. ११८ ग्रॅमवाले आमचे पिल्लू शरण वगैरे अजिबात जात नव्हते. ते आंधळेपणीच खोक्याच्या कडेपर्यंत सरपटत जाई आणि अशी हाक देई की खालच्या मजल्यावरच्या आजी काठी आपटत.

नवव्या दिवशी त्याच्या एका डोळ्याच्या कोपऱ्यात फट पडली आणि आत काळसर निळे काहीतरी चमकले. दुसरा डोळा उघडायला आणखी दोन दिवस गेले, त्यामुळे मधल्या काळात ते सारखे डोळा मारल्यासारखे दिसे. सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात, खरा रंग दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर उतरतो. तिसऱ्या आठवड्यात हिरड्यांतून दातांची टोके आली. चौथ्या आठवड्यात ताटलीत दुधात कालवलेला मऊ खाऊ ठेवला, तर दोघे आधी त्यात बसली आणि मग आपण कशात बसलो आहोत हे चाटून पाहिले. मातीच्या पसरट ताटलीत वाळू ठेवली, तिथे त्यांना कोणी काही शिकवावे लागले नाही. एकाने उकरून पाहिले आणि कापसाचा जमाना संपला. जंताचे औषध झाले, दोन महिन्यांची झाल्यावर लस झाली.

ती दोघे होती हे फार बरे झाले. एकटेच वाढलेले पिल्लू किती जोरात चावावे हे शिकत नाही, कारण माणूस नुसता "आई गं" म्हणतो. भावंड मात्र उलट चावते आणि खेळ सोडून निघून जाते. १०९ ग्रॅमवाला बोका होता, आता तो नाशिकरोडला माझ्या मावसबहिणीकडे असतो आणि तिच्या सासूबाईंच्या जपाच्या माळेवर हक्क सांगतो. ११८ ग्रॅमवाली तिरंगी आहे, पांढरी, काळी आणि भगवी, आणि तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते; तेव्हा महिनाभर आम्ही तिला "तो" म्हणत होतो हे अज्ञान आमचेच. ती आमच्याकडे राहिली. पुढे सहाव्या महिन्यात तिची नसबंदी करून घेतली.

वही अजून मिठाच्या बरणीशेजारी आहे. तिसऱ्या रकान्यात ८४ आणि ८१ असे दोन आकडे आहेत आणि खाली कोरा कागद; तो रकाना मी आखून बंद केलेला नाही. दुसरा रकाना बोका गेला त्या दिवशी ९३५ वर थांबतो. पहिल्या रकान्यातल्या शेवटच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे काटा काढला, पोळ्यांचा डबा ठेवला आणि तिला आत ठेवले. तिने डब्याची कड हुंगली, माझ्या मनगटावर दोनदा खरखरीत जीभ फिरवली, आणि आकडा स्थिर व्हायच्या आत उडी मारून खिडकीत जाऊन बसली. त्या तारखेसमोर आकडा नाही. "बसली नाही" एवढेच लिहिले आहे.