नाझ्काच्या रेषा कशासाठी? तुम्ही विचारलेत म्हणून

दक्षिण पेरूच्या वाळवंटात जमिनीवर आखलेल्या अवाढव्य रेषा आणि आकृती, म्हणजेच नाझ्का रेषा, यांवर मी बोलले की शेवटी एकच प्रश्न येतो: त्या नेमक्या कशासाठी काढल्या? विचारणाऱ्याचे उत्तर, परग्रहवासीयांसाठी, हे बहुधा आधीच ठरलेले असते, त्यामुळे मी आजवर तुटकपणेच बोलत आले.

एका व्याख्यानमालेत मी तासभर सचित्र मांडणी केली. वरचे काळपट दगड बाजूला सारले की खालची फिकट माती उघडी पडते, पाऊस जवळजवळ नसल्यामुळे ती खूण दीड-दोन हजार वर्षे टिकते, आणि खुंट व दोर यांच्या साहाय्याने सुमारे ९० मीटरांचे माकड आखता येते, हे सारे मी दाखवले. समारोपात अध्यक्ष म्हणाले की विवेचन अभ्यासपूर्ण होते, तथापि विमानाशिवाय जे दिसत नाही ते त्या अडाणी लोकांनी काढले, हे बुद्धीला पटत नाही. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे विद्यार्थीही होते. जवळच्याच काहुआची येथे मातीच्या विटांचे विशाल पूजास्थान उभारणारे, बहुरंगी भांडी घडवणारे नाझ्का लोक माझ्यादेखत एका वाक्यात अडाणी ठरले आणि मी आभारप्रदर्शन संपेपर्यंत व्यासपीठावर बसून राहिले. अध्यक्षांनंतर वक्त्याने बोलायचे नसते. आपल्या देवळांच्या शिखरांवरचे बारीक कोरीवकाम खाली उभ्या भाविकाला दिसत नाही. ते परग्रहावरच्या पाहुण्यांसाठी कोरले, असे आपण म्हणतो का? शिवाय त्याच भागातल्या पाल्पाजवळच्या डोंगरउतारांवरील कित्येक आकृती जमिनीवरूनच दिसतात.

मात्र मीही एके काळी आकाशाकडेच पाहत होते. जून १९४१ मध्ये अमेरिकन इतिहासकार पॉल कोसॉक यांना एका रेषेच्या टोकाशी सूर्य मावळताना दिसला, पुढे जर्मन गणितज्ञ मारिया रायखे यांनी त्या रेषांना आयुष्य वाहिले, आणि हे खगोलीय पंचांग असावे, हे मला मनापासून पटले होते. १९६८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकावर रेषांच्या दिशा सूर्य-ताऱ्यांशी ताडून तपासल्या, तेव्हा योगायोगापलीकडे फारसे काही निघाले नाही. तरुणपणीची मी अजूनही विचारते, मग तो सूर्यास्त? इतक्या रेषा असल्यावर एखादी सूर्याकडे जाणारच, असे मी म्हणते. ती एक मुद्दाम आखलेली नसेल कशावरून, असे ती म्हणते. याचे उत्तर माझ्याकडे नाही.

आज मला चालणे आणि पाणी यांचा धागा, म्हणजे पाणी मागण्यासाठी रेषांवरून विधिपूर्वक चालत असावेत हा विचार, अधिक भरवशाचा वाटतो. प्राचीन खगोलविद्येचे अभ्यासक अँथनी अवेनी यांनी रेषा जिथून फाकतात त्या टेकड्या अभ्यासून तोच संबंध जोडला. रेषांवर फुटलेल्या भांड्यांचे तुकडे सापडतात, तेही अशा विधींतले असावेत. २०२४ मध्ये जपानी पुरातत्त्वज्ञ मासातो साकाई यांच्या चमूने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ३०३ नव्या आकृती जाहीर केल्या: लहान आकृती पायवाटांलगत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा, मोठ्या आकृती रेषांच्या जाळ्यालगत, बहुधा सामूहिक विधींसाठी. म्हणजे हेतू एकच होता, हे गृहीतकच मला मान्य नाही. माकड त्या वाळवंटातले नाही, अँडीजपलीकडच्या पावसाळी जंगलातले आहे, म्हणून ते पाण्याच्या मागणीशी जोडता येते. कुत्र्याची आकृती मात्र या मांडणीत मला अजून बसवता आलेली नाही.