बोटाचं एक पेर

लेक साडेचार वर्षांची असताना, मागच्या जूनमध्ये, गॅलरीतली एक कुंडी मी तिच्या नावाने काढून दिली. आम्ही पुण्यात राहतो. गॅलरी पूर्वेची, दुपारी एकपर्यंत ऊन असतं. माती आणि शेणखत तिनेच हाताने कालवलं, ढेकळं फोडली. ते काम तिला इतकं आवडलं की बी लावायला आम्ही दुसरा दिवस उजाडू दिला.

पहिल्यांदा धने लावले, आणि तिथेच माझं चुकलं. लाटण्याने रगडून प्रत्येक धन्याचे दोन भाग केले तरी धने उगवायला आठ-दहा दिवस सहज लागतात. एवढ्या लहान मुलीने तोवर काय बघायचं? तिसऱ्या दिवशी ती कुंडी उकरत बसलेली दिसली. मी ओरडले. ओरडायला नको होतं, कारण आत काय चाललंय हेच तिला बघायचं होतं.

मग काचेच्या पेल्यात ओला कागद गुंडाळून ठेवला आणि काचेला लागून चार चवळ्या सरकवल्या. त्याच संध्याकाळी चार चवळ्या कुंडीतही पेरल्या, तिच्या बोटाच्या एका पेराइतक्या खोल. दुसऱ्या दिवशी चवळी फुगली, तिसऱ्या दिवशी पांढरं टोक बाहेर आलं आणि खाली वळलं. "आई, ही खाली का चालली?" तिने विचारलं. सांगण्याऐवजी आम्ही पेला आडवा करून ठेवला. दुसऱ्या सकाळी तेच टोक काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडे निघालं होतं. ती किती तरी वेळ नाक काचेला लावून उभी होती. त्यानंतर कुंडी एकदाही उकरली गेली नाही. पेल्यात बघायचं आणि मला सांगायचं, "कुंडीत आता एवढं झालं असेल."

मेथी दोन-तीन दिवसांत वर आली, पण तिने झारीच्या झारी ओतल्या आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडली. "पाणी कमी घाल" म्हणून काही उपयोग होत नाही, लहान मुलाला कमी म्हणजे किती ते कळत नाही. म्हणून पुन्हा तेच पेर कामाला आलं. बोट एक पेर मातीत घालायचं, ओलं लागलं तर पाणी नाही. झारीही काढून घेतली. औषधाच्या छोट्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून दिली.

भेंडी जुलैत लावली, बी रात्रभर भिजवून. झाडावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला तो आम्ही दोघींनी ओल्या फडक्याने पुसला. दीड महिन्याने पहिलं फूल आलं, पिवळं, आत गर्द तांबडं. संध्याकाळी ते मिटलं तशी ती रडवेली झाली. समजावत बसले नाही, रोज सकाळी देठापाशी बघ एवढंच म्हटलं. चौथ्या दिवशी तिच्या करंगळीएवढी भेंडी होती.

एकूण सात भेंड्या मिळाल्या. सातवी तिने तोडू दिली नाही. ती झाडावरच वाळली, तपकिरी झाली, कडांना चिरत गेली. आता ती एका डबीत आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाशी धरून ती खुळखुळ वाजवते आणि विचारते, "किती बिया असतील?"