क्यूटच्या पोटात सुई

बाबांचा खोकला गेल्या महिन्यात इतका वाढला की डॉक्टरकडे न्यावंच लागलं, घरी आल्यावर फाईल टेबलावर पडलेली, तर माझी आठ वर्षांची भाची त्यावर बोट फिरवत वाचायला लागली आणि विचारते कशी, मावशी, आजोबांना क्यूट का लिहिलंय? लिहिलं होतं अक्यूट ब्राँकायटिस. सगळे हसले, पण मला खूप कौतुक वाटलं, कारण पोरीने बरोबर पकडलं होतं. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत!

मूळ लॅटिन अक्यूटस, म्हणजे धार लावलेला, टोकदार. सुईला लॅटिनमध्ये अकुस म्हणतात, तोही याच घरातला. इंग्रजीत त्याचं अक्यूट झालं, मग लघुकोन अक्यूट, एकदम उसळणारा आजार अक्यूट, आणि तल्लख डोक्याचा माणूसपण अक्यूट. अठराव्या शतकात बोलता बोलता पुढचा अ गळला आणि क्यूट उरला, त्या अ च्या जागी आधी अपॉस्ट्रॉफीसुद्धा लिहायचे. आपल्याकडे अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, तसंच हे.

पण तेव्हा क्यूट म्हणजे हुशार, चलाख, कधी कधी कावेबाज. दिसण्याशी काही संबंध नाही. गोड, देखणं हा अर्थ अमेरिकेत आला, १८३० च्या दशकात. आयर्लंडमध्ये मात्र आजही एखाद्याला क्यूट म्हटलं तर तो बेरकी आहे असंही म्हणायचं असू शकतं, त्यामुळे तिथे लगेच खूश व्हायचं नाही.

हुशारवरून गोंडसवर गाडी कशी आली असेल, यावर मला आपला चुणचुणीत आठवतो. चुणचुणीत पोरगी म्हटलं की तिची बुद्धी आणि तिचं रूप वेगळं काढताच येत नाही, डोळे चमकतायत, उत्तर तयार आहे आणि म्हणूनच ती छान दिसते. माझ्या मते क्यूट मधल्या काळात असाच असणार. आता आपण पिल्लू, कप, मोबाईलचं कव्हर, सगळ्यालाच क्यूट म्हणतो, त्यातली धार पार गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

भाचीला हे सगळं जमेल तसं सांगितलं. तिने फाईल परत ओढली, पहिल्या ए वर अंगठा ठेवून तो झाकला आणि उरलेला शब्द मोठ्याने वाचून आजोबांना दाखवायला पळाली.