काळा गाभा: औषध पोचलं नाही, की उजेड पोचला नाही?

सपाट ताटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाच्या ज्या मात्रेत पटापट मरतात, त्याच पेशींचा गोळा केला की त्या तेवढ्याच मात्रेत तगून राहतात. खारघर-नेरूळकडच्या बायोटेकच्या प्रकल्प-अहवालांत यावरून 'पेशी प्रतिरोधक झाल्या' असं लिहून टाकलेलं असतं. ही घाई आहे. औषध त्या पेशीपर्यंत गेलं होतं का, हे आधी दाखवायला हवं.

गाठीत नुसत्या कर्करोगाच्या पेशी नसतात. त्यांच्याभोवती आधार-ऊतक बनवणाऱ्या पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, असतात, त्यांनी विणलेलं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन असतं, पाणी धरून फुगणारं हायलुरॉनिक आम्ल असतं आणि वेड्यावाकड्या, गळक्या रक्तवाहिन्या असतात. कोलॅजन साचलं की काय होतं, हे आपल्याकडे सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं झालेल्या माणसाच्या गालात कळतं. आतून बोट फिरवलं की दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागतात. तो अजून कर्करोग नव्हे, पण ऊतक घट्ट होणं म्हणजे काय ते तिथे समजतं.

घट्टपणाहून वाईट असतो तो पेशींमधल्या पाण्याचा दाब. वाहिन्या गळतात, जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या चेपलेल्या असतात, त्यामुळे झिरपलेलं पाणी बाहेर पडत नाही. निरोगी ऊतकात हा दाब जवळजवळ शून्य असतो. अनेक घट्ट गाठींत तो १० ते ४० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो, म्हणजे केशवाहिनीतल्या दाबाच्या बरोबरीला येतो. वाशी-बेलापूरच्या माणसाला हे पावसाचं पाणी साठवून खाडीत सोडणाऱ्या धारण तलावावरून लगेच समजेल. भर पावसात खाडीला मोठी भरती आली की झडपा मिटतात आणि ओहोटी लागेपर्यंत पाणी तिथेच तुंबतं. गाठीत ओहोटी लागतच नाही. औषधाला वाहून नेणारा प्रवाहच थांबतो, आणि गाठीच्या कडेला दाब एकदम उतरतो म्हणून आलेलं औषधही बाहेरच्या बाजूला ओढलं जातं.

मग उरतं ते नुसतं विसरण, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरत जाणं, आणि ते फार तोकडं पडतं. उंदरांच्या गाठींत डॉक्सोरुबिसिनचं प्रमाण वाहिनीपासून ४०-५० मायक्रॉनवरच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निम्मं झालेलं मोजलं गेलं आहे. म्हणजे जेमतेम तीन-चार पेशी ओलांडल्या की अर्धं औषध संपलं. शिवाय गाठीतलं पाणी आम्लधर्मी असतं. तिथे या औषधाच्या रेणूवर धनभार चढतो आणि पेशीच्या आवरणातून आत शिरणं आणखी अवघड होतं.

'मग ते ऊतकच विरघळवा' हा विचार अनेकांना सुचला. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हायलुरॉनिक आम्ल तोडणारं विकर देऊन पाहिलं. २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. त्याआधी फायब्रोब्लास्टना आवरणाऱ्या एका औषधाची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली. पुढे २०१४ मध्ये उंदरांत दिसलं की फायब्रोब्लास्टचं हे गाठीभोवतीचं आवरण काढल्यावर गाठ उलट जास्त आक्रमक होते. त्यामुळे आवरण सरसकट फोडण्यापेक्षा गळक्या वाहिन्या सुधारणं आणि दाब उतरवणं हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

आता औषध गोळ्याच्या आत पोचतं का, हे पाहण्याचा प्रयोग. महागड्या न चिकटणाऱ्या प्लेटऐवजी साध्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १.५ टक्के अगारोज (गार झाल्यावर गोठणारी जेली, तिला पेशी चिकटत नाहीत), प्रत्येकी ५० मायक्रोलिटर, गरम असतानाच घाला. टिपमध्ये गोठलं किंवा बुडबुडा राहिला तर त्या खळग्यात एका गोळ्याऐवजी चार तुकडे होतात. कडेच्या खळग्यांत फक्त बफर भरा, तिथलं माध्यम आटतं. बाकीच्यांत २०० मायक्रोलिटर माध्यमात २,००० पेशी. दुसऱ्या गटात तेवढेच फायब्रोब्लास्ट मिसळा. तीन दिवस प्लेट हलवू नका. गोळा ४००-५०० मायक्रॉनचा झाला की १० मायक्रोमोलर डॉक्सोरुबिसिन द्या, आणि प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा.

हे औषध स्वतःच नारिंगी-लाल चमकतं, वेगळा रंग लागत नाही. फसगत इथेच होते. अख्खा गोळा कन्फोकल या लेझरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मधोमध काळा गाभा दिसतो आणि 'औषध पोचलं नाही' असं लिहिलं जातं. पण सूक्ष्मदर्शकाचा उजेडच साधारण १०० मायक्रॉनच्या पुढे नीट जात नाही. म्हणून गोळा ओसीटीत (गोठवून काप घेण्यासाठीच्या चिकट द्रवात) गोठवा आणि क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठलेल्या ऊतकाचे पातळ काप करणाऱ्या यंत्रावर, १० मायक्रॉनचे काप घ्या. ५०० मायक्रॉनच्या गोळ्याचे पन्नासेक होतील. सगळ्यांत रुंद, पंचविसाव्याच्या आसपासचा काप मधला समजा. काप फार धुऊ नका, औषध निघून जातं. चमकेवरून थेट प्रमाणही काढू नका, कारण डीएनएत शिरलेलं औषध मंद चमकतं.

आणि एक तुलना टाळू नका: औषध न दिलेल्या गोळ्याचा मधला काप घेऊन तो कापल्यानंतर औषधात बुडवा. त्याचा गाभा चमकला आणि औषध दिलेल्या गोळ्याचा काळाच राहिला, तरच 'औषध पोचलं नाही' असं लिहा. बुडवलेल्याचाही गाभा काळाच निघाला, तर तिथल्या पेशी आधीच मेलेल्या असण्याची शक्यता मोठी. तेव्हा पुढच्या खेपेला गोळा लहान करा.